चोर हाती लागला, आता पुढे काय? गोव्यात सामान्य माणसाने कुणाला पकडून ठेवण्याबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस नसलेल्या माणसाला कुणाला अटक करता येते का?

येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४० मध्ये ही तरतूद आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तीच कलम ४३ म्हणून होती. म्हणजे अधिकार जुनाच आहे, १ जुलै २०२४ पासून त्याला वेळेची मर्यादा तेवढी लागली.

गुन्हा तुमच्या समक्ष घडलेला असला पाहिजे. तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्क म्हणून मिळत नाही असा) असा दोन्ही असला पाहिजे. एकच असून चालत नाही. आणि पकडलेला माणूस विनाकारण वेळ न लावता, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात गेला पाहिजे. याखेरीज न्यायालयाने फरार घोषित केलेला आरोपी दिसला तर त्यालाही पकडता येते. पण ‘फरार घोषित’ म्हणजे न्यायालयाचा तसा आदेश हवा. व्हॉट्सॲपवर ‘या माणसापासून सावध राहा’ म्हणून फिरणारा फोटो त्यात बसत नाही.

सहा तासांचा अर्थ लोक चुकीचा घेतात. ती शेवटची हद्द आहे, सवलत नव्हे. म्हापशात सकाळी अकराला पकडलेला माणूस दुपारी चारपर्यंत दुकानाच्या मागच्या खोलीत बसवून ठेवला, तर सहा तास झाले नाहीत हे खरे, पण पोलीस स्थानक हाकेच्या अंतरावर असताना पाच तास कशाला लागले याचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

गुन्हा अजामीनपात्र आहे की नाही, हे भर रस्त्यात मला कसे कळणार?

या कायद्यातली खरी अडचण हीच. पोलिसाला प्रशिक्षण असते, तुमच्या हातात मोबाईल आणि समोर पळणारा माणूस. कोणता गुन्हा कोणत्या रकान्यात बसतो हे संहितेच्या पहिल्या अनुसूचीत दिलेले आहे, आणि ती चाळायला त्या क्षणी कुणालाच सवड नसते.

ढोबळ मानाने सांगायचे तर खून, बलात्कार, जबरी चोरी, दरोडा, हिसकावून पळणे, कुलूप तोडून घरफोडी, घातक हत्याराने गंभीर दुखापत आणि स्त्रीचा विनयभंग हे दखलपात्रही आहेत आणि अजामीनपात्रही. साधी मारामारी (गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेचे कलम ११५), शिवीगाळ, बदनामी, नुसते आवारात घुसणे, बेदरकार गाडी हाकणे हे त्यात बसत नाहीत. यांतले काही दखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात, पण जामीनपात्र असल्यामुळे तुम्ही पकडू शकत नाही. ‘पोलीस पकडतात, मग मी का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

शंका असेल तर हात लावू नका. फोटो काढा, गाडीचा नंबर टिपा, ११२ फिरवा.

बाजारात चोर रंगेहाथ सापडला. तरी पकडता येणार नाही असे कसे?

चोरीबद्दलच सर्वांत जास्त विचारणा होते आणि नव्या कायद्याने नेमका इथेच बदल केला आहे, म्हणून जरा सविस्तर.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार घ्या. मिरच्यांच्या राशी, काजूवाले, सॉसेजच्या माळा, आणि या गर्दीत एक पोरगा पर्यटकाच्या मागच्या खिशातून फोन काढतो. तुम्ही पाहता, मनगट धरता. फोन पंधरा-वीस हजारांचा आहे. ही चोरी, भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३, दखलपात्र आणि अजामीनपात्र. तुम्ही त्याला धरून ठेवू शकता.

आता त्याच बाजारात कुणीतरी स्टॉलवरून काजूचे पाकीट पिशवीत टाकले. किंमत सहाशे रुपये. त्याच कलम ३०३ मध्ये नवी तरतूद आहे: पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. आणि अनुसूचीत पाच हजारांखालची अशी चोरी अदखलपात्र व जामीनपात्र म्हणून लिहिली आहे. म्हणजे काजूचोराला पकडून कोंडण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही; पोलिसालाही तिथे वॉरंटशिवाय अटक करता येत नाही.

मग काजू सोडून द्यायचे? अजिबात नाही. आपली वस्तू त्याच वेळी परत घेण्याचा हक्क तुमच्याकडे आहे. मालमत्तेच्या खासगी बचावाचा हा हक्क चोर माल घेऊन निसटेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत चालू राहतो. पाकीट काढून घ्या, नाव विचारा, फोटो काढा, तक्रार द्या. त्यानंतर तो चालू लागला तर वाट अडवू नका.

दोन अपवाद लक्षात असू द्या. सोनसाखळी किंवा पर्स हिसकावून पळणे हा कलम ३०४ चा वेगळा गुन्हा आहे. तिथे किमतीची पायरी नाही. आणि राहत्या घरातून, माल ठेवण्याच्या इमारतीतून केलेली चोरी किंवा देवळातल्या मूर्तीची चोरी कलम ३०५ मध्ये जाते, जिथे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. देवस्थानाची फंडपेटी फोडताना सापडलेल्याला, पेटीत दोनशे रुपये असले तरी, धरून ठेवता येते.

मी स्वतः पाहिले नाही, पण सीसीटीव्हीत स्पष्ट दिसतोय. दुसऱ्या दिवशी तोच माणूस बाजारात दिसला तर?

पकडायचे नाही. ‘समक्ष’ म्हणजे गुन्हा घडताना तुम्ही तिथे होता. चोरी होताच पाठलाग सुरू झाला आणि दोन गल्ल्या सोडून चोर हाती आला, तर ते त्याच घटनेचे टोक आहे. उद्या सकाळी चित्रफितीवरून ओळख पटवणे हे पोलिसांचे काम. चित्रफीत मात्र जपून ठेवा. बहुतेक यंत्रांत जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते.

रात्री घरात कुणी शिरले तर?

दोन हक्क एकत्र येतात. एक पकडण्याचा, कारण दार-खिडकी फोडून शिरणे अजामीनपात्र आहे. दुसरा खासगी बचावाचा, आणि सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापूर्वीच्या घरफोडीत तो बराच दूरवर जातो; न्याय संहितेच्या कलम ४१ खाली प्रसंगी हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतसुद्धा. डिचोली-सत्तरीकडच्या एकट्या घरांत राहणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावे.

पण हा बचाव धोका असेपर्यंतच टिकतो. चोर खाली पडला, हात बांधले, वाड्यावरचे चार जण जमले, की धोका संपला. त्यानंतर सोप्यावर बसवून घातलेली प्रत्येक लाथ ही तुमच्या नावावरची स्वतंत्र मारहाण आहे. गोव्यात असे प्रसंग बहुधा याच टप्प्यावर बिघडतात. पहिली दहा मिनिटे कायदा घरवाल्याच्या बाजूने असतो, पुढचा अर्धा तास तो उलटतो.

किती बळ वापरता येते? बांधून ठेवता येते का?

पळून जाणे थांबवायला लागेल तितके. ताब्यात यायला तयार असलेल्याच्या अंगाला हात लावण्याचीही गरज नाही. प्रतिकार केला तर आवश्यक तेवढे सारे उपाय करता येतात, पण मृत्यू किंवा जन्मठेपेच्या शिक्षेचा गुन्हा नसेल तर जीव घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. हात बांधणे चालून जाईल, जर तो खरोखरच झटापट करत असेल. माडाला बांधणे, डोके भादरणे, गळ्यात पाटी अडकवणे याचे पळून जाण्याशी काही नाते नाही.

जमावाने धुलाई केली, मी फक्त बाजूला उभा होतो. माझ्यावर गुन्हा लागेल?

नुसती बघ्याची भूमिका असेल तर नाही. पण पाच किंवा अधिक जण एका बेकायदा हेतूने जमले आणि त्यात तुम्ही सामील होता असे दिसले, तर एकाच्या काठीचा हिशेब सगळ्यांना द्यावा लागतो. ‘सोडू नका त्याला’ ओरडणारा आणि चित्रीकरण करत हसणारा, दोघेही तपासात येतात.

नव्या न्याय संहितेत आणखी एक तरतूद आहे जी गोव्यात विशेष ध्यानात ठेवावी. पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून एखाद्याचा खून केला, तर कलम १०३(२) खाली प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. गंभीर दुखापत केली, तर कलम ११७(४) खाली सात वर्षांपर्यंत. आपल्याकडे वाड्यावर अनोळखी माणूस दिसला की ‘भायलो’ (बाहेरचा), ‘घाटी’ हे शब्द आधी येतात आणि चौकशी नंतर. जन्मस्थान आणि भाषा हे दोन शब्द कायद्यात आहेत, आणि त्या वेळी कुणी काय ओरडले हे मोबाईलमध्ये नोंदलेले असते.

त्याच्याकडून कबुली घेऊन व्हिडिओ काढला. पुरावा म्हणून चालेल ना?

उलट तुमच्याविरुद्ध चालेल. धाक दाखवून घेतलेली कबुली न्यायालय विचारात घेत नाही. कबुलीसाठी मारहाण केली तर कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा. गंभीर दुखापत झाली तर दहा. कबुलीसाठी किंवा माल परत मिळवण्यासाठी कोंडून ठेवणे हा पुन्हा वेगळा गुन्हा, तीन वर्षांपर्यंतचा. तो व्हिडिओ म्हणजे या सगळ्याचा तुम्हीच तयार केलेला पुरावा.

समाजमाध्यमावर टाकला तर बदनामीचा दावा आहेच. त्यात अल्पवयीन मूल किंवा लैंगिक गुन्ह्याची पीडिता ओळखू येत असेल तर ओळख उघड करणे हाच गुन्हा ठरतो.

खिसे, पिशवी, फोन तपासता येतो का?

नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९ मध्ये स्वच्छ लिहिले आहे: खासगी माणसाने पकडले असेल तर झडती तो ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हवाली करील त्याने घ्यायची. तुम्हाला एवढीच मुभा आहे की अंगावर सुरा, कोयता असे हत्यार असेल तर काढून घ्यावे आणि तेही पोलिसांकडे द्यावे.

किनाऱ्यावर कुणी अमली पदार्थ विकताना दिसला तर?

लांबूनच पाहा आणि ११२ ला किंवा जवळच्या पोलीस स्थानकाला कळवा. गोवा पोलिसांचा अमली पदार्थविरोधी विभाग त्यासाठीच आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात झडतीची पद्धत फार काटेकोर आहे. संशयिताला राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा हक्क आहे हे सांगावे लागते, आणि तिथे चूक झाली की आरोपी सुटतो. तुम्ही पुडी हिसकावून घेतलीत तर खटला कमजोर होतोच, वर ती पुडी तुमच्या हातात सापडते.

मुलीची छेड काढणाऱ्याला धरले तर?

काय केले त्यावर आहे. अंगाला हात घातला, ओढले, तर न्याय संहितेचे कलम ७४. अजामीनपात्र, धरता येते. घाणेरडा शेरा, इशारा, पहिल्यांदाच केलेला पाठलाग हे गंभीर असले तरी जामीनपात्र आहेत. तिथे मुलीला आधी सुरक्षित जागी न्या, त्या माणसाचा फोटो घ्या, पोलिसांना बोलवा. कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर आंघोळ करणाऱ्या बायकांचे चोरून फोटो काढणाऱ्यांना पर्यटक आणि शॅकवाले धरून बडवतात असे प्रकार घडतात. राग समजतो. पण फोन हिसकावून फोडला की पुरावाही फुटतो.

पकडलेली व्यक्ती बाई असेल, किंवा लहान मूल असेल तर?

बाईच्या बाबतीत आजूबाजूच्या बायकांना पुढे बोलवा. पोलिसांवरही सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रीला अटक करण्याबाबत कडक बंधने आहेत. पुरुषांच्या घोळक्याने बाईला दंडाला धरून बसवले तर विनयभंगाची तक्रार यायला वेळ लागत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलाला ‘अटक’ होतच नाही. बाल न्याय कायदा, २०१५ खाली त्याला विशेष बाल पोलीस पथकाच्या ताब्यात द्यायचे असते आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचे असते. शिवाय गोव्यात स्वतःचा बाल कायदा, २००३ आहे, त्यासाठी वेगळे बाल न्यायालय आहे. मुलाला दिलेली मारहाण तिथे बालछळ म्हणून उभी राहू शकते. मूल सापडले तर १०९८ वर फोन करा आणि खायला काहीतरी द्या. हे कायद्यात लिहिलेले नाही, मी सांगतो आहे.

क्लबचे बाउन्सर, हॉटेलचे सुरक्षारक्षक यांना जास्त अधिकार असतात का?

नाही. काळा टी-शर्ट आणि वॉकी-टॉकीने कलम ४० रुंदावत नाही. त्यांनाही तेच नियम, तीच जोखीम. आवारातून बाहेर जायला सांगणे, गरज पडल्यास बाहेर काढणे हा मालकाचा हक्क ते बजावू शकतात. पार्किंगमध्ये नेऊन चोपणे हा नाही.

ग्राहक बिल न देता निघाला, किंवा भाड्याची स्कूटर ठोकून आणली. पैसे देईपर्यंत थांबवून ठेवता येईल?

बिलाचा वाद हा मुळात पैशांचा वाद आहे. सुरुवातीपासून फसवायचाच इरादा होता हे तुम्ही त्या क्षणी सिद्ध करू शकत नाही. खोलीचे दार लावून घेतले तर बेकायदा कोंडणे, कलम १२७, एक वर्षापर्यंत शिक्षा. ‘पन्नास हजार दे, मगच सोडतो’ म्हटले की खंडणीचा वास येतो. भाड्याने दुचाकी देणाऱ्यांपैकी काही जण ग्राहकाची मूळ कागदपत्रे, विदेशी असेल तर पासपोर्ट, अडकवून ठेवतात. तेही करू नये. सुरुवातीलाच अनामत रक्कम घ्या, गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा.

अपघात करून पळणाऱ्या चालकाला अडवू का?

बेदरकार वाहन चालवणे जामीनपात्र. निष्काळजीपणाने मृत्यू, कलम १०६(१), तोही जामीनपात्र. ठोकर मारून पळून जाण्यासाठी दहा वर्षांची शिक्षा सांगणारे कलम १०६(२) देशभर गाजले, पण १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा ते बाजूला ठेवले गेले. तेव्हा नंबर टिपा आणि जखमीकडे वळा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने संरक्षण दिले आहे. त्याच कायद्यात चालकाने थांबून जखमीला मदत करावी असे सांगताना ‘जमावाच्या क्षोभामुळे शक्य नसेल तर’ असा अपवाद ठेवला आहे. चालक का पळतात याची कायद्यालाही कल्पना आहे.

गाड्या अडवून कागदपत्रे तपासणे, किनाऱ्यावर दारू पिणाऱ्यांना धरणे?

दोन्ही नाही. बेळगावकडून येणारी गुरांची किंवा मांसाची गाडी असो, की खासगी नंबरची बेकायदा भाड्याची गाडी, थांबवून तपासण्याचा अधिकार पोलीस, वाहतूक खाते किंवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्यांना आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये तहसीन पूनावाला खटल्यात स्वयंघोषित रक्षकांच्या हिंसेबद्दल राज्यांना खडसावले आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितले.

गोवा पोलिसांनी २०१७ साली ट्रॅफिक सेंटिनल योजना आणली तेव्हाही नागरिकांनी फक्त फोटो-व्हिडिओ पाठवायचे होते. कुणाला थांबवायचे नव्हते.

गोव्यात पोर्तुगीज कायदा चालतो ना? मग हे सगळे लागू आहे का?

लागू आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले नियम लग्न, कुटुंब, मालमत्तेची वाटणी अशा बाबींपुरते. फौजदारी कायदा सावंतवाडीत तोच पेडण्यात.

मी प्रामाणिकपणे पकडले, पण माणूस भलताच निघाला. आता?

न्याय संहितेच्या कलम १७ मध्ये यासाठी एक सुंदर उदाहरण दिले आहे. एकाला वाटते की समोर खून होतो आहे. तो त्या माणसाला अधिकाऱ्यांकडे नेण्यासाठी पकडतो. पुढे कळते की तो माणूस स्वतःचा बचाव करत होता. तरी पकडणाऱ्याने गुन्हा केलेला नाही. वस्तुस्थितीबद्दलची प्रामाणिक चूक माफ आहे.

पण कायद्यात ‘सद्भावना’ म्हणजे योग्य काळजी घेऊन केलेली कृती. कुणीतरी ‘चोर चोर’ ओरडले म्हणून पहिला दिसला त्याला आडवा केला, ही काळजी नव्हे. आणि कायदा काय आहे हे माहीत नव्हते, हा बचाव नाही. पोलिसावर खटला भरायला काही प्रसंगी सरकारची परवानगी लागते, तुमच्यावर भरायला लागत नाही. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा. आणि अटक बेकायदा असेल तर समोरच्याला तुमच्यापासून बचाव करण्याचा हक्क मिळतो. झटापटीत तुमचा दात पडला तरी दोष तुमच्याकडेच येऊ शकतो.

पोलिसांकडे सोपवताना काय करावे?

पकडल्या क्षणापासूनची वेळ लिहून ठेवा. ११२ वर केलेला फोन हीच एक चांगली नोंद असते. अंगावर आधीपासून जखम असेल तर ती दिसेल असा फोटो. पाणी द्या, आजारी वाटला तर आधी रुग्णवाहिका. पोलीस आले की काय पाहिले तेवढेच सांगा; ऐकलेले आणि अंदाज वेगळे ठेवा. स्टेशन डायरीत तुम्ही किती वाजता ताबा दिला याची नोंद करायला सांगा, तक्रारीची प्रत मागून घ्या, ती मोफत मिळते. पुढे अटक करायची की नाही हे पोलीस ठरवतात, आणि गुन्हाच दिसला नाही तर त्याला लगेच सोडणे त्यांना बंधनकारक आहे. ‘आम्ही पकडून दिला आणि यांनी सोडला’ म्हणून मोर्चा नेण्याआधी गुन्हा जामीनपात्र होता का ते पाहा.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: तुम्ही साक्षीदार झालात. काही वर्षांनी समन्स येईल तेव्हा जावे लागेल.

पकडण्याचे धाडस केले नाही तर मी दोषी का?

नाही. कलम ४० ‘पकडू शकतो’ म्हणते, ‘पकडलेच पाहिजे’ म्हणत नाही. पोलिसाने स्वतः मदत मागितली, उदाहरणार्थ पळणाऱ्या आरोपीला अडवायला, तर मात्र वाजवी मदत करणे कलम ३१ खाली तुमचे कर्तव्य आहे. आणि खून, दरोड्यासारख्या काही गुन्ह्यांची माहिती असेल तर ती कळवणेही बंधनकारक आहे.

मलाच कुणीतरी असे पकडून कोंडले, मारले, आणि पोलीस तक्रार घेत नाहीत. काय करू?

आधी सरकारी इस्पितळात जाऊन जखमांची वैद्यकीय नोंद करून घ्या. कुठल्याही पोलीस स्थानकात तक्रार देता येते. घटना मडगावची असली तरी पणजीत ‘झिरो एफआयआर’ नोंदवून ती तिकडे पाठवली जाते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नकार दिला तर तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोच जपून ठेवा. तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. वकिलाचे पैसे परवडत नसतील तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाची मदत मिळते. स्त्रिया, मुले आणि कोठडीत असलेल्यांना ती उत्पन्नाची अट न लावता मोफत आहे.